माउसविना साम्राज्य

संगणकावरच्या खेळांविषयी लिहायचे म्हटले की काही शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याही पडत असत. तरी थोडे थांबा. हे परीक्षण आहे एका जुन्या खेळाच्या स्थलांतराचे, आणि त्या स्थलांतरात भूमिती आहे, वेग आणि विस्थापन यांचा संबंध आहे, हाताचे शरीरशास्त्र आहे, आणि शेवटी आपल्या वर्गातलाच एक जुना वाद आहे.

'एज ऑफ एम्पायर्स - २' हा खेळ १९९९ साली अमेरिकेतल्या डॅलस येथील एन्सेम्बल स्टुडिओजने संगणकासाठी बनवला आणि मायक्रोसॉफ्टने तो बाजारात आणला. २०१९ मध्ये त्याची नव्या चित्रांची सुधारित आवृत्ती निघाली. हीच आवृत्ती ३१ जानेवारी २०२३ रोजी एक्सबॉक्सवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या घरगुती खेळयंत्रावर आली आणि २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वरही पोहोचली. माउस आणि कळफलक यांच्यासाठी जन्मलेला खेळ दोन अंगठ्यांच्या हवाली केला तर तो तोच खेळ राहतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बुद्धिबळात पाळी असते. आपण विचार करीत असताना समोरचा गप्प बसतो. इथे पाळी नाही. दोघांचे, चौघांचे, आठ जणांचे राज्य एकाच वेळी चालू असते आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. या प्रकाराला रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात. सुरुवातीला साधारणपणे तीन गावकरी, एक टेहळणी करणारा घोडेस्वार आणि एक नगरकेंद्र मिळते. गावकऱ्यांनी लाकूड तोडायचे, अन्न मिळवायचे, सोने आणि दगड खणायचे. त्यातून घरे, शेते, तट आणि सैन्य उभे राहते. एकेका खेळाडूकडे दोनशे माणसे सहज होतात. प्रत्येकाला काम सांगायचे ते आपण. एखादा गावकरी झाड संपल्यावर रिकामा उभा राहिला तर तो ओरडून सांगत नाही, आपल्याच लक्षात यावे लागते. या खेळात सर्वांत दुर्मिळ वस्तू सोने नसून खेळाडूचे लक्ष आहे.

आता माउसकडे येऊ. कॅलिफोर्नियात डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पण तो इतका चांगला का चालतो याचे उत्तर त्याआधीच तयार होते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक अत्यंत साधा प्रयोग केला. टेबलावर दोन पट्ट्या आणि हातात एक टोकदार लेखणी. पंधरा सेकंद या पट्टीवर, त्या पट्टीवर, पुन्हा या पट्टीवर असे टोचत राहायचे. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांमधले अंतर बदलून त्याने टोचे मोजले. निष्कर्ष असा: एका टोच्याला लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो. फिट्सने अंतराची दुप्पट घेऊन तिला रुंदीने भागले आणि २ हा पाया धरून लॉगॅरिदम काढला. पट्ट्या १६ सेंटिमीटर दूर आणि २ सेंटिमीटर रुंद असतील तर ३२ भागिले २ म्हणजे १६, आणि १६ चा लॉगॅरिदम ४. रुंदी निम्मी करा, उत्तर ५ येते. अंतर दुप्पट करा, तरीही ५ च. प्रत्येक दुपटीला किंवा निमपटीला वेळ ठरावीक मात्रेनेच वाढतो. हा प्रयोग आठवीच्या वर्गात कागद, पट्टी, पेन्सिल आणि घड्याळ एवढ्या साहित्यात होतो. आपण तो करून पाहा. आलेख काढायला मुलांना इतका चांगला विषय क्वचित मिळतो.

१९७८ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रातल्या कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी याच नियमाची कसोटी लावून माउस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची तुलना केली. पडद्यावरचे अक्षर लवकरात लवकर कशाने गाठता येते? माउस सर्वांत जलद ठरला, चुकाही त्यातच सर्वांत कमी. लक्षात राहण्याजोगी गोष्ट पुढची आहे. माउसचा वेग उघड्या हाताच्या वेगाच्या इतका जवळ आला की त्याहून फार चांगले साधन बनवायला जागाच उरत नव्हती. मर्यादा यंत्राची नव्हती, मनगटाची आणि मेंदूची होती.

मग दांडी मागे का पडते? इथे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी कान टवकारावेत. माउस स्थान सांगतो: हात पाच सेंटिमीटर सरकला की बाणही त्या प्रमाणात सरकतो आणि हात थांबला की बाण थांबतो. कंट्रोलरवरची अंगठ्याची दांडी स्थान सांगत नाही, ती वेग सांगते. दांडी जितकी कलवाल तितका बाण वेगाने पळतो आणि सोडेपर्यंत पळतच राहतो. म्हणजे स्थान मिळवण्यासाठी अंगठ्याला वेगाचे काळावर संकलन करावे लागते, तेही नजरेच्या अंदाजाने. एक मीटर रुंदीचा टीव्ही घ्या. बाण सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल आणि दांडी सोडायला दशांश सेकंद उशीर झाला, तर बाण दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. वेग चौथाई केला तर चूक अडीच सेंटिमीटरवर येते, पण पडदा ओलांडायला चार सेकंद लागतात. चार सेकंदांत पलीकडच्या घोडेस्वारांनी आपले तीन लाकूडतोडे कापलेले असतात. सरावलेला खेळाडू दांडी आधी पूर्ण आणि मग हलकीशी कलवून वाट काढतो हे खरे, पण मूळ अडचण तशीच राहते.

अंतराची गोष्ट त्याहून साधी आहे. संगणकापुढे आपण साठ सेंटिमीटरवर बसतो, टीव्हीपुढे तीन मीटरवर. पाचपट अंतर, म्हणून डोळ्याशी तोच कोन होण्यासाठी अक्षरही पाचपट मोठे हवे. संगणकावर एक सेंटिमीटरची पाटी पुरत असेल तर टीव्हीवर ती पाच सेंटिमीटरची करावी लागते, आणि मग पाट्याच पाट्या होऊन नकाशाला जागा राहत नाही.

या अडचणी आजच्या नाहीत. या प्रकाराला आकार देणारा 'ड्यून - २' हा वेस्टवुड स्टुडिओजचा खेळ १९९२ मध्ये संगणकावर आला आणि त्याची एक आवृत्ती पाठोपाठ सेगाच्या यंत्रावरही निघाली. ते जमून गेले, याचे एक कारण असे की मूळ खेळातच एका वेळी एकाच रणगाड्याला हुकूम देता येई. माउसची खरी ताकद, म्हणजे चौकोन ओढून साऱ्या तुकडीला एका झटक्यात उचलणे, तेव्हा वापरातच नव्हती. वेस्टवुडच्याच १९९५ च्या 'कमांड अँड कॉंकर'मध्ये ती आली आणि घरगुती यंत्रे एकदम मागे पडली. ब्लिझर्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' १९९८ चा. तो २००० साली निन्टेन्डो ६४ वर आणला गेला तेव्हा संगणकावर मागितलेली स्मृती होती १६ मेगाबाइट, आणि त्या यंत्रात होती ४, जोडपट्टी लावली तर ८. एवढ्या जागेत तो बसवला हे कारागिरीचे कामच म्हणायचे. पण दोन खेळाडूंसाठी एकच टीव्ही मधोमध चिरून दिला! ज्या खेळाची निम्मी मजा शत्रू अंधारात काय करतो आहे हे न दिसण्यात आहे, त्यात शेजारच्या अर्ध्या पडद्यावर त्याची सारी छावणी उघडी पडलेली. पत्त्यांच्या डावात सर्वांनी पाने उताणी धरून बसावे तसा हा प्रकार. तिथे अडथळा अंगठ्याचा नव्हता, दिवाणखान्याचा होता.

दुसरा मार्ग एन्सेम्बल स्टुडिओजनेच दाखवला. २००९ चा 'हेलो वॉर्स' हा त्यांचा शेवटचा खेळ. त्यानंतर ती संस्था बंद झाली. तो पहिल्या दिवसापासून कंट्रोलरसाठीच आखलेला होता. बाण पडद्याच्या मध्यावर स्थिर, दांडीने सरकतो तो नकाशा. एक कळ दाबली की आपले सारे सैन्य निवडले जाते, दुसरी दाबली की फक्त पडद्यावर दिसणारे. तळ कुठेही बांधता येत नाही, ठरलेल्या जागीच. लाकूडतोडे नाहीत, मेंढ्या नाहीत. रसद ठरावीक इमारतींतून आपोआप जमा होत राहते. सैन्यही थोडकेच. खेळ गुळगुळीत चालतो. पण तो चालतो याचे कारण जे अंगठ्याला झेपत नव्हते ते त्यात ठेवलेच नाही. अभ्यासक्रम कमी करून निकाल शंभर टक्के लावण्याचा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. तरी 'हेलो वॉर्स'वर हा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, कारण तो जुन्या खेळाचे नाव लावत नाही. तो निराळा खेळ आहे आणि तसे सांगतो.

२०२३ च्या कारागिरांना ही मोकळीक नव्हती. त्यांना 'एज ऑफ एम्पायर्स - २' हाच खेळ द्यायचा होता, आणि एक्सबॉक्सवाल्याला संगणकवाल्याशी सामना खेळता यावा अशीही सोय ठेवायची होती. या एका सोयीने त्यांचे हात किती बांधले जातात ते पाहण्यासारखे आहे. या मालिकेतल्या खेळांत दूरच्या खेळाडूंची यंत्रे एकमेकांना काय पाठवतात? प्रत्येक माणसाचे स्थान पाठवायचे म्हटले तर आठ जणांची प्रत्येकी दोनशे म्हणजे सोळाशे माणसे. एकाच्या स्थानाला चार बाइट धरले तर ६४०० बाइट, म्हणजे ५१,२०० बिट. १९९७ च्या सुमाराचा मोडेम सेकंदाला २८,८०० बिट नेई. एकदा स्थाने कळवायलाच पावणेदोन सेकंद! म्हणून रचनाकारांनी स्थाने पाठवलीच नाहीत, फक्त हुकूम पाठवले: 'हे दहा धनुर्धर त्या टेकडीकडे.' पुढची सारी हालचाल प्रत्येक यंत्र आपल्यापुरती गणित करून काढते, आणि सर्वांची उत्तरे तंतोतंत एक यावी लागतात. एका यंत्राने एक मेंढी वेगळ्या दिशेला नेली की दोन खेळाडू दोन निरनिराळी जगे पाहू लागतात आणि सामना मोडतो. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली या रचनेवर लिहिलेला निबंध संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळवून वाचावा. त्यात एक मजेचे निरीक्षण आहे: हुकूम दिल्यापासून तो अमलात येईपर्यंत पाव सेकंद गेला तरी खेळाडूंच्या ते लक्षातही येत नसे.

सांगायचे ते हे की एक्सबॉक्ससाठी नियमांत काटछाट करणे शक्यच नव्हते. लढाईचे गणित, मेंढीतले अन्न, तटाची जाडी, सारे तसेच्या तसे. बदलता येणार होते ते फक्त डोळा आणि हात यांच्या बाजूचे.

तिथे त्यांनी काय केले? कळफलकावर शंभरेक कळा, कंट्रोलरवर दांड्यांच्या कळा धरून पंधरा-सोळा. ही तूट चक्राकार याद्यांनी भरून काढली आहे. कळ धरली की मधल्या बिंदूभोवती इमारतींची चित्रे गोलात उमटतात. दांडी त्या दिशेला ढकलली की निवड झाली. फिट्सचा नियम इथे उलटा कामाला येतो. उभ्या यादीत दहावे नाव पहिल्यापेक्षा दूर असते. चक्रात सर्व पर्याय केंद्रापासून सारख्याच अंतरावर, आणि लक्ष्य म्हणजे एक अख्खी पाचर. दांडीला अंतर मोजता येत नाही, पण दिशा मात्र ती उत्तम सांगते. मेरीलँड विद्यापीठात १९८८ साली आठ पर्यायांच्या गोल आणि उभ्या याद्यांची तुलना झाली होती, तीत गोल यादीच जलद ठरली. म्हणजे हा भाग तडजोडीचा नाही. इमारत निवडण्यापुरता कंट्रोलर माउसच्या बरोबरीला येतो, असे आमचे मत झाले. सैन्य हलवताना मात्र नाही. आघाडीवर दोन तुकड्या वेगळ्या करून एक डावीकडे, एक उजवीकडे काढायची वेळ आली की अंगठा हरतो. माउसवाल्याविरुद्ध तुल्यबळ सामना होईल अशी आशा कोणी धरू नये. यंत्राला माउस आणि कळफलक जोडायची मुभा ठेवली आहे, यात निर्मात्यांची प्रामाणिक कबुलीच दिसते.

आता मूळ वादाकडे येतो. या आवृत्तीत गावकऱ्यांना आपोआप कामाला लावण्याची सोय आहे. अर्थव्यवस्थेचा कल कुठे हवा, समतोल की सैन्याकडे, हे आपण एकदा सांगायचे. नवे गावकरी त्या प्रमाणात लाकूड, अन्न, सोने वाटून घेतात. सोय सक्तीची नाही. पण अंगठ्याने मेंढ्या पकडून थकलेला नवखा खेळाडू ती बंद का करील?

आमच्यातल्या एका गटाचे म्हणणे असे की इथे खेळ गेला. कारण त्या मेंढ्यांतच गणित आहे. एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात, म्हणजे नगरकेंद्र अखंड चालू ठेवायचे तर सेकंदाला २ अन्न हवे. मेंढीवरचा गावकरी सेकंदाला साधारण एक तृतीयांश अन्न आणतो. म्हणून सहा माणसे मेंढ्यांवर! जुने खेळाडू हा सहाचा आकडा मंत्रासारखा सांगतात; पण ज्याने पाच माणसे लावून नगरकेंद्र थांबलेले पाहिले आहे त्याला तो मंत्र न राहता भागाकार वाटतो. पुढे मेंढ्या संपतात, शेत करायला ६० लाकूड लागते, म्हणजे आज अन्नावरची माणसे वाढवायची तर चार मिनिटांपूर्वी लाकडावर माणसे हवी होती. ही चूक स्वतः केल्याशिवाय कळत नाही. यंत्राने ती होऊच दिली नाही तर शिकणार कोण?

दुसऱ्या गटाने इतिहास पुढे केला, आणि तो बिनतोड आहे. आपोआप होण्याची सुरुवात एक्सबॉक्सने केलेली नाही. १९९७ च्या पहिल्या खेळात माणसे एकामागून एक तयार करण्याची रांगसुद्धा लावता येत नसे. ती पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आली. १९९९ मध्ये शेत नापीक झाले की स्वतः जाऊन पुन्हा पेरावे लागे. २००० च्या पुरवणीत पेरण्यांची आगाऊ नोंद करता येऊ लागली, आणि २०१९ च्या आवृत्तीत शेत आपले आपणच पेरले जाऊ लागले. टेहळणीचा घोडेस्वारही त्या आवृत्तीत सांगितल्यास आपणहून नकाशा धुंडाळतो. हे सारे संगणकावर, माउस हातात असताना झाले. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणाले की खेळ गेला. मग रेषा नेमकी कुठे ओढायची?

आम्ही ती अशी ओढतो. शेत पुन्हा पेरण्यात निर्णय नव्हता, आठवण ठेवण्याचा त्रास होता. तो गेला ते बरे झाले. सहा माणसे मेंढ्यांवर की चार मेंढ्यांवर आणि दोन लाकडावर, यात निर्णय आहे, आणि तोच या खेळाचा गाभा आहे. लॉगॅरिदमची कोष्टके जाऊन गणकयंत्र आले तेव्हा आपण हाच भेद केला होता: आकडेमोड यंत्राला दिली, कोणती आकडेमोड करायची हे विद्यार्थ्याकडे ठेवले. एक्सबॉक्सची सोय ही रेषा ओलांडते. शिवाय ती एक तर चालू असते, नाही तर बंद. खेळाडू तयार होत जाईल तसतशी मदत थोडी थोडी काढून घेणारी पायरी आम्हाला त्यात दिसली नाही, आणि ती न ठेवणे हा आमच्या मते या रूपांतराचा सर्वांत मोठा दोष आहे. अंगठ्याचा मंदपणा हे कारण खरे, पण त्यावरचा उपाय हाताला द्यायचा होता, तो डोक्याला दिला गेला.

एवढे लिहून झाल्यावर आमचे एक निवृत्त सहकारी भेटले. पस्तीस वर्षे गणित शिकवलेले. त्यांचा उजवा हात आता कापतो; माउसवर बोट ठेवले की बाण मेंढीभोवती नाचतो आणि टिचकी बाजूच्या गवतावर पडते. संगणकावर त्यांनी हा खेळ दोनदा सोडून दिला होता. कंट्रोलर दोन्ही हातांच्या तळव्यांत धरता येतो, मांडीवर टेकवता येतो. आम्ही त्यांना आमचे परीक्षण वाचून दाखवले. त्यांनी ते ऐकून घेतले, सहाच्या भागाकाराला मान डोलावली आणि म्हणाले, "अहो, गावकरी कुठे लावायचे ते मी मघाशीच ठरवलेले असते. माझे बोट तिथे पोहोचत नाही, एवढाच प्रश्न आहे." मग त्यांनी समतोल सोडून कल सैन्याकडे वळवला, थोड्या वेळाने लाकूड कमी पडते आहे हे आमच्या आधी ओळखले, आणि तो परत फिरवला. पुढचा तासभर कंट्रोलर आमच्या हातात काही आला नाही.